दहा चालतंय, तर अकरा कशाला?

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेला राहते. हायस्कुलात मराठी शिकवत होते, आता निवृत्त आहे. घरी २०१६ साली दुकानदाराकडून जोडून घेतलेला संगणक आहे. मी त्यावर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टायपिंगची कामं करते. कुणाचा प्रबंध, कुणाचा कवितासंग्रह, मंडळांच्या स्मरणिका. श्रीलिपीचं डोंगल, म्हणजे परवान्याची यूएसबी किल्ली, मागे कायमची लावलेली असते. ह्यांचं बँकेचं, पेन्शनचं आणि म्युच्युअल फंडाचं कामही त्याच संगणकावर चालतं.

गेले काही महिने पडदाभर सूचना येते की विंडोज १० चा सपोर्ट संपला. संगणक सुरू होईपर्यंत चहा पिऊन होतो, पण एकदा सुरू झाला की काम होतं. पुण्याचा पुतण्या म्हणतो, "काकू, भंगारात घाला आणि नवा घ्या." दुकानवाला म्हणतो, "बाराशे रुपयांत अकरा टाकून देतो, फक्त फॉरमॅट मारावा लागेल." हे म्हणतात, "चालतंय ना? मग हात लावायचा नाही." मला तिघांचंही थोडं थोडं पटतं, म्हणून काहीच ठरत नाही. प्रोसेसर आय५-६५००, रॅम ८ जीबी, हार्ड डिस्क १ टीबी, प्रिंटर कॅननचा एलबीपी २९००. तुम्हीच काय ते सांगा.

– एक वाचक, मिरज

ताई, नमस्कार.

प्रोसेसरचा आकडा लिहिलात, फार बरं केलंत. या विषयावरच्या पत्रांत बहुतेकांचा संगणक "काळा, जरा जुना" एवढाच असतो. मग सल्ला द्यायचा म्हणजे फोनवरून नाडी बघायची.

त्या आकड्यातच निम्मं उत्तर आहे. आय५ नंतरची आडवी रेघ सोडा, ६५०० मधले शेवटचे तीन अंक बोटाने झाका. उरला ६. म्हणजे तुमचा प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीतला. विंडोज ११ चालेल अशा प्रोसेसरांची जी यादी मायक्रोसॉफ्टने केली आहे, ती सातव्या पिढीतले मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते. एएमडीच्या बाजूला साधारण रायझन २००० मालिकेपासून, त्यातही काही गाळलेले आहेत. याखेरीज टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. रॅम आणि जागा तुमच्याकडे आहेच. टीपीएमसुद्धा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) 'इंटेल पीटीटी' या नावाखाली बंद करून ठेवलेला सापडेल. पण प्रोसेसरच यादीत नाही म्हटल्यावर बाकीचं असून उपयोग नाही. खात्री करायची असेल तर मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे फुकट ॲप चालवा. ते नाही म्हणेल आणि का नाही तेही दाखवेल.

तेव्हा या यंत्रावर सरळ मार्गाने अकरा येत नाही. तुमचा खरा घोळ वेगळाच आहे. एका डब्यावर दोन कामं अडकली आहेत, यजमानांचे पैसे आणि तुमची श्रीलिपी, आणि दोघांच्या गरजा एकमेकींच्या उलट आहेत. पैशाच्या कामाला सतत दुरुस्त होत राहणारं विंडोज लागतं. श्रीलिपीला, त्यातून जुन्या आवृत्तीला, जे आहे ते तस्संच राहिलेलं हवं असतं. पुतण्या पैशाचं काम डोळ्यांपुढे ठेवून बोलतो, यजमान नकळत श्रीलिपीच्या बाजूने बोलतात, आणि दुकानवाला दोन्हीचा विचार न करता बोलतो. तुम्हाला तिघांचं पटतं याचं कारण हेच.

आधी यजमानांचं बघू. "चालतंय" हे त्यांचं म्हणणं खरं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० बंद पडलं नाही आणि आपणहून पडणारही नाही. त्या तारखेनंतर फुकटच्या दुरुस्त्या यायच्या थांबल्या, इतकंच. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेत सापडलेली भोकं बुजवणारे अपडेट सोडतं (आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते, म्हणून ते बुधवारी सकाळी दिसतात). दहा आणि अकराचा आतला पुष्कळसा भाग सारखाच आहे. अकरामधलं भोक बुजवलं की नेमकं काय बदललं हे ताडून बघता येतं, आणि दहामध्ये तेच भोक उघडं असेल हा अंदाज बांधणारे लोक त्यासाठीच बसलेले असतात. पहिल्या महिन्यात काही होत नाही, दुसऱ्यातही बहुधा नाही. न बुजवलेल्या भोकांची संख्या मात्र वाढत जाते.

यात मुख्य अडचण विंडोज जुनं असण्याची कमी आणि अपडेट न घेण्याची जास्त असते. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा संगणकांत आपोआप पसरणारा किडा आला तेव्हा हेच दिसलं. ज्या भोकातून तो शिरला त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, आणि तो पसरला १२ मे रोजी. सापडलेली बहुतेक यंत्रं विंडोज ७ ची होती, म्हणजे त्या वेळी सपोर्ट चालू असलेली. अपडेट तेवढं कुणी घेतलं नव्हतं. पुढच्याच महिन्यात त्याच भोकाचा आधार घेऊन नॉटपेट्या हा दुसरा किडा आला आणि आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाच्या कंपनीकडचं टर्मिनल ठप्प झालं. घरच्या संगणकाकडे कोण बघतंय, असं यजमान म्हणतील. हे किडे मालक कोण ते बघत नाहीत, उघडं यंत्र दिसलं की शिरतात.

पण त्यांना उगाच घाबरवूही नका. घरगुती माणसाचे पैसे जातात ते बहुतेकदा विंडोजच्या भोकातून जात नाहीत. "तुमचं केवायसी संपलंय" असा फोन येतो, समोरचा सांगेल ते ॲप आपणच घालतो आणि ओटीपी आपणच वाचून दाखवतो. त्याला दहाही काही करू शकत नाही आणि अकराही नाही. (असं कधी झालंच तर नातेवाइकांना फोन करत बसू नका. लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसे पुढे सरकायच्या आत अडवता आले तर आले.) त्यामुळे धावत दुकानात जावं अशी परिस्थिती नाही.

शिवाय एक मुदतवाढ मिळते, आणि ती पुष्कळांना माहीत नसते. विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं चालू ठेवलं आहे, त्यासाठी नाव तेवढं नोंदवावं लागतं. सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी', त्यात 'विंडोज अपडेट'. तिथे उजवीकडे किंवा बटणाच्या खाली 'एनरोल नाऊ' अशी ओळ दिसेल. दिसली नाही तर आधी आवृत्ती बघा. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, 'विनव्हर' असं इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. समोर '२२एच२' दिसलं पाहिजे. त्याहून जुनं काही असलं तर बाकी राहिलेले अपडेट आधी पूर्ण होऊ द्या.

नोंदणीला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. पैसे मात्र भरायलाच हवेत असं नाही. संगणकाच्या सेटिंग्ज त्या खात्याशी सिंक करायला परवानगी दिली तर फुकट होतं. नाहीतर मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १,००० गुण, किंवा एकदाच ३० डॉलर, म्हणजे स्थानिक चलनात तेवढी रक्कम. माझ्या मते फुकटचा पर्याय घ्यावा, पण घेताना डोळे उघडे ठेवावेत. बॅकअपच्या त्या पडद्यावर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डरही वनड्राइव्हवर चढवायचे का, असं विचारतात. तिथे नको म्हणा. फुकट जागा ५ जीबी. तुमच्या स्मरणिकांचे फोटो ती दोन दिवसांत भरून टाकतील आणि मग "जागा संपली, पैसे भरा" हा नवा भुंगा मागे लागेल. सेटिंग्ज चढल्या तरी काम होतं.

उशिरा नाव नोंदवलं तरी आधीच्या राहिलेल्या दुरुस्त्या मिळतात. त्यावर विसंबून उशीर करू नका, पण "आता वेळ गेली" असं समजून सोडूही नका. यात नवीन सोयी काही मिळत नाहीत, फक्त भोकं बुजतात. आपल्याला तेवढंच हवंय.

आता दुकानवाला. त्याच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण तुमचं नुकसान झालंच तर तिथे होण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. माणूस वाईट असेल असं नाही. त्याच्यासमोर रोज दहा डबे येतात आणि सगळ्यांवर एकच औषध चालतं, फॉरमॅट, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने घालणं.

तुमचा प्रोसेसर यादीत नसताना तो अकरा टाकणार कसं? रूफस नावाचं एक फुकट साधन आहे. त्याने पेन ड्राइव्ह बनवताना प्रोसेसरची आणि टीपीएमची तपासणी वगळता येते. साधन चोरटं नाही, त्याने घातलेलं अकरा सहाव्या पिढीवर चालतंही. पण अशा यंत्रांना अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट घेत नाही. वर्षातून एकदा मोठी आवृत्ती येते तेव्हा ती आपोआप न येता पुन्हा हाताने सगळा खटाटोप करावा लागतो. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीने तर काही फार जुन्या प्रोसेसरांना, ज्यांना काही विशिष्ट आज्ञा कळत नव्हत्या त्यांना, सुरूच व्हायला नकार दिला. तुमचा त्यात येत नाही. तरी पुढे कधी काय वगळतील याचा नेम नाही. स्वतःच्या हाताने स्क्रू काढून बसणाऱ्या माणसाने हा मार्ग धरावा, मला त्यात काही गैर वाटत नाही. प्रबंध वेळेवर द्यायचा आहे आणि बँकेचं कामही त्याच डब्यावर आहे, अशा घरात तो नको.

त्याला परवान्याचंही विचारा. खऱ्या परवान्याच्या दहावरून चालणाऱ्या यंत्रावर अकरा फुकट मिळतं. त्यामुळे बाराशे ही फक्त मजुरी असायला हवी. ती असेल तर माझी हरकत नाही. पण पुष्कळ ठिकाणी 'ॲक्टिव्हेटर' नावाचं काहीतरी चालवून विंडोज चालू करून देतात, आणि ते चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करतात. ज्या संगणकावरून म्युच्युअल फंड विकले जातात त्यावर कुणी अनोळखी प्रोग्रॅम पहारा काढून घेऊन चालवावा, याला काय म्हणायचं? तुमचं सध्याचं विंडोज कसं आहे तेही एकदा बघून घ्या. सेटिंग्ज, 'अपडेट अँड सिक्युरिटी', 'ॲक्टिव्हेशन'. तिथे 'डिजिटल लायसन्स' असं असेल तर ठीक. घरच्या संगणकावर "तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने" अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली, तर ती संस्था कुठली हे २०१६ च्या त्या दुकानदाराला विचारायला हवं. बिल जपून ठेवलं असेल तर त्यात विंडोजची वेगळी ओळ आहे का तेही बघा.

आणि फॉरमॅट. "डी ड्राइव्हला हात लावत नाही, काही जाणार नाही," असं तो सांगेल आणि ते त्याच्या परीने खरं असेल. पण तुमच्या डेस्कटॉपवर जे दिसतं ते सगळं सी ड्राइव्हमध्ये असतं. 'माय डॉक्युमेंट्स' तिथेच, डाउनलोड्स तिथेच. तुमच्या बाबतीत आणखी मोठी गोष्ट म्हणजे फॉन्ट. तेही सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या फोल्डरमध्ये असतात. डीटीपीच्या (संगणकावर छपाईची पानं जुळवायच्या) कामात वर्षानुवर्षं कुणी कुणी पेन ड्राइव्हवर आणून दिलेले फॉन्ट तिथे साचलेले असतात आणि त्यांची यादी कुणाकडेही नसते. फॉरमॅट झाल्यावर जुनी स्मरणिका उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाईल शाबूत असते आणि मजकूर वाचता येत नाही. मग श्रीलिपी पुन्हा घालायची तर तिची सीडी शोधा, सीडी सापडली तर संगणकाला सीडीचा ड्राइव्ह शोधा.

डोंगलचाही विचार करा. ते डोंगल ओळखण्यासाठी संगणकात त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याची ओळख करून देणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो. तुमचं सध्याचं विंडोज ३२ बिटचं असलं तर अकरावर जाताना तो ड्रायव्हर चालणार नाही, कारण अकरा फक्त ६४ बिटमध्येच येतं. (सेटिंग्ज, सिस्टिम, 'अबाउट' मध्ये 'सिस्टिम टाइप' बघा.) ६४ बिटचं असलं तरी नव्याने घातलेल्या अकरामध्ये 'मेमरी इंटिग्रिटी' नावाचा पहारा बहुधा चालू असतो आणि तो जुन्या घडणीच्या ड्रायव्हरना आत येऊ देत नाही. म्हणून कोणत्याही यंत्रावर जाण्याआधी श्रीलिपीच्या कंपनीला पुण्याला फोन करा, आपल्या आवृत्तीचा आकडा सांगा आणि "या डोंगलसह अकरावर चालेल का, नसेल तर अपग्रेडचे किती" एवढं विचारा. दुकानवाल्याने "चालेल हो" म्हटलं त्याला अर्थ नाही.

दहावर राहा नाहीतर अकरावर जा, एक काम या महिन्यात कराच. छापून झालेल्या प्रत्येक जुन्या कामाची पीडीएफ काढून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवले जातात, त्यामुळे ती पुढे कुठल्याही यंत्रावर तशीच दिसते. सगळी कामं एकदम होणार नाहीत. ज्यांची मागणी पुन्हा येऊ शकते ती आधी घ्या, मंडळांच्या स्मरणिका वगैरे. पुढच्या वर्षी तेच मंडळ "मागच्या वेळचंच चालवा, नावं तेवढी बदला" म्हणत येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्यांचा मजकूर पुन्हा वापरायचा आहे तो युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, आणा. कन्व्हर्टर आहेत, पण त्यांच्या हवाली करून मोकळं होऊ नका. रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकतो, 'ऱ्या' आणि 'ऱ्ह' बिघडतात, एखादं जोडाक्षर फुटतं. मराठीच्या शिक्षिकेच्या नजरेतून ते सुटणार नाही, आणि कवितासंग्रह असेल तर सुटून चालणारही नाही. श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांत युनिकोडमध्ये टाइप करता येतं. तेव्हा नवीन कामं तरी तशीच घ्यायला लागा, म्हणजे हा डोंगर आणखी वाढणार नाही.

फॉन्टचा फोल्डर आणि सगळी कामं एका बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क संगणकापासून काढून ठेवा. कायम जोडून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. किडा आला तर तीही त्याच्या तावडीत सापडते.

चहा पिऊन होईपर्यंत सुरू होणाऱ्या संगणकाचं आता सांगतो. तुमच्या सगळ्या पत्रात मला हे वाक्य सगळ्यात सोपं वाटलं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स', मग डावीकडे 'डिस्क ०'. तिथे एचडीडी लिहिलेलं दिसेल आणि संगणक सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं आलेख १०० टक्क्यांना चिकटलेला असेल. प्रोसेसर त्या वेळी बहुतेक रिकामाच बसलेला असतो, शेजारचा आलेख बघा. म्हणजे दोष विंडोजचाही नाही आणि आय५ चाही नाही. फिरणाऱ्या तबकडीची ती जुनी हार्ड डिस्क पुरवठा करू शकत नाही. साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, घाला, २५० जीबीच्या आसपासची पुरते. दुकानवाल्याला एवढंच काम द्या आणि शब्द नीट वापरा. "नवीन विंडोज टाकू नका, आहे तसं क्लोन करा." क्लोन म्हणजे जशीच्या तशी प्रत. श्रीलिपी, फॉन्ट, प्रिंटर, डेस्कटॉपवरचा पसारा सगळं आहे त्या जागी राहतं. एक टीबीमध्ये भरलेलं सामान अडीचशेत मावणार नाही, म्हणून मोठे फोटो-व्हिडिओ आधी बाहेरच्या डिस्कवर काढा. जुनी हार्ड डिस्क परत मागून घ्या आणि महिनाभर पुसू नका. सगळं नीट चाललंय अशी खात्री पटली की बाहेरून जोडायच्या केसिंगमध्ये घालून तीच बॅकअपला वापरा.

एवढं केलंत की संगणकाचा वेग बघून यजमान म्हणतील, "बघ, मी म्हणत होतो, हात लावायचा नाही." म्हणू देत. मुद्दा ऑक्टोबर २०२६ नंतरचा आहे. मुदतवाढ संपली की या डब्यावर पैशाचं काम करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तोपर्यंत त्यांच्यासाठी दुसरी सोय करा आणि हा डबा फक्त तुमच्या श्रीलिपीला ठेवा, इंटरनेटची वायर काढून. नेट नसलेल्या यंत्राला महिन्याच्या दुरुस्त्यांची फारशी फिकीर नसते. फाइलींची ने-आण तेवढी पेन ड्राइव्हवरून होईल, आणि गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह काय काय घेऊन येतात हे माहीत असेलच. ते आधी दुसऱ्या यंत्रावर तपासून मगच इथे लावायचे.

दुसरी सोय कोणती? पुतण्याला इथे कामाला लावा. भंगारात घाला म्हणणं सोपं आहे. नवा लॅपटॉप घ्यायची ऐपत आणि इच्छा असेल तर अवश्य घ्या, आज मिळणाऱ्या घरगुती लॅपटॉपवर अकरा बहुधा असतंच. पण बँक आणि फंड बघायला नव्याकोऱ्या यंत्राची गरज नाही. मोठ्या कंपन्या वापरून काढून टाकतात ते आठव्या-नवव्या पिढीचे छोटे डेस्कटॉप 'रिफर्बिश्ड' म्हणून पुण्यात पुष्कळ मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. अकरासाठी ते यादीत बसतात. घेताना पुतण्याने दुकानातच यंत्र चालू करून प्रोसेसरचा आकडा वाचावा (शेवटचे तीन अंक झाकायचे, ८ किंवा त्यापुढचा आकडा उरला पाहिजे), ॲक्टिव्हेशनचा पडदा उघडून बघावा, एसएसडी आहे ना ते बघावं आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्यावी. मॉनिटर तुमचाच चालेल, मागची जोडणी जुळते का तेवढं पाहायचं.

कुणी विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट प्रणाली सुचवेल. तिचा मिंट हा प्रकार मला स्वतःला आवडतो आणि जुन्या यंत्रावर तो झकास चालतो. पण तुमची श्रीलिपी त्यावर येत नाही, आणि तो एलबीपी २९०० लिनक्सवर चालवायचा म्हणजे शनिवार-रविवार त्यातच जातील. तुमच्या घरी नको. शेजारी कुणी फक्त यूट्यूब आणि ईमेलसाठी संगणक वापरत असेल तर त्यांना सांगा.

तुमचं पत्र वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे आणि कुठलं जुनं डोंगल-बिंगल लावलेलं नाही, त्यांनी कुणाला न विचारता अकरावर जावं. विंडोज अपडेटमधूनच जावं, फॉरमॅट न करता. फाइली आणि प्रोग्रॅम जागेवर राहतात. नाही जमलं तर पहिल्या दहा दिवसांत 'रिकव्हरी' मधून पुन्हा दहावर येता येतं, फक्त त्या दहा दिवसांत डिस्क साफ करणारी साधनं चालवायची नाहीत, कारण परतीचं सामान ती पहिल्यांदा उडवतात. स्टार्टचं बटण मध्यभागी गेलं म्हणून हळहळणाऱ्यांनी टास्कबारच्या सेटिंग्जमध्ये ते डावीकडे आणावं. राइट क्लिक केल्यावर नेहमीची यादी लपवली आहे, ती 'शो मोअर ऑप्शन्स' मध्ये आहे. याचा राग मलाही येतो.

यजमानांच्या नव्या यंत्राबद्दल एक सांगायचं राहिलं. अकरावर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की पुष्कळ यंत्रांची डिस्क आपोआप कुलूपबंद होते. रोजच्या वापरात ते कळतही नाही. पण एखाद्या दिवशी, बायोसमध्ये काही बदललं किंवा मदरबोर्ड दुरुस्त झाला की, निळा पडदा येतो आणि ४८ अंकी किल्ली मागतो. ती किल्ली त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. खातं पुतण्याने घाईत स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडलेलं असेल तर ती त्याच्याकडे, आणि तो त्या वेळी विमानात. म्हणून खातं यजमानांच्या स्वतःच्या नंबरवर उघडा आणि यंत्र घरी आल्यावर त्याच दिवशी खात्यात जाऊन किल्ली बघा. एलबीपी २९०० वर तिची छापील प्रत काढून बँकेच्या पासबुकांबरोबर ठेवून द्या.